बॅज मुलाचा, सही मोठ्यांची

अमेरिकेत स्काउटिंगमधला सर्वोच्च किताब मिळवून ईगल स्काउट व्हायचे असेल, तर सगळ्या अटी मुलाने वयाची १८ वर्षे पूर्ण होण्याआधी पुऱ्या कराव्या लागतात. त्यामुळे तिथल्या स्काउट पथकांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा उभा राहतो. मुलाचा अठरावा वाढदिवस दोन महिन्यांवर आलेला असतो आणि राहिलेल्या अटींतल्या काही अशा असतात की त्या उरकताच येत नाहीत. १३ आठवडे स्वतःच्या जमाखर्चाचा हिशेब ठेवायचा, ९० दिवस घरातली ठरलेली कामे करून त्यांची नोंद ठेवायची, १२ आठवडे व्यायामाचा कार्यक्रम पाळायचा. आईवडील हवालदिल होतात आणि पथक चालवणाऱ्या मोठ्या माणसांत मतभेद सुरू होतात. एक जण म्हणतो, पोरगा सात वर्षे आपल्याबरोबर आहे, आता एवढ्यासाठी अडवायचे का? दुसरा म्हणतो, अट म्हणजे अट. तिसरा विचारतो, हे सगळे त्या मुलाला हवे आहे की त्याच्या घरच्यांना?

ही माणसे बिनपगारी असतात. आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवार तंबूत काढणारी, बहुतेक त्याच मुलांची आई किंवा वडील. नियम छापील असतात, पण मुलाची त्या नियमांशी गाठ पडते ती या माणसांमार्फत. गाठ नीट बांधली की नाही हे तेच पाहतात, वहीत सही तेच करतात. म्हणून स्काउटिंगमधल्या श्रेणी आणि बॅज यांचा विचार करताना मोठ्यांची वृत्ती हाच मूळ प्रश्न ठरतो. या वृत्ती कोणत्या, त्या कुठून आल्या आणि त्यांतली कोणती मुलाच्या हिताची, याचा हा आढावा.

बॅज मुळात कशासाठी?

१९०७ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर घेतले. त्यात सुखवस्तू घरांतली मुले होती आणि कामगारांचीही. पुढच्या वर्षी 'स्काउटिंग फॉर बॉइज' पाक्षिक भागांत प्रसिद्ध झाले आणि टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास या तीन पायऱ्या रूढ झाल्या. त्यांच्या जोडीला निरनिराळ्या कौशल्यांचे बॅज आले.

बेडन-पॉवेल यांची यामागची भूमिका आजही मुद्दाम वाचावी अशी आहे. पथकप्रमुखांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी बॅजची कसोटी स्पष्ट केली. मुलाने किती उंची गाठली यापेक्षा त्याने स्वतःच्या कुवतीच्या मानाने किती कष्ट घेतले, हे पाहावे असे त्यांचे सांगणे होते. शाळेत मागे पडणाऱ्या मुलाला एखाद्या छंदाची, हातकामाची गोडी लागावी आणि 'मलाही काही येते' हा विश्वास मिळावा, यासाठी बॅज. नुसत्या बॅजमागे धावण्याच्या वृत्तीबद्दल त्यांनी सावधही केले होते.

या भूमिकेत पुढच्या सगळ्या वादांचे बीज आहे. कसोटी कष्टाची मानली, तर ती प्रत्येक मुलासाठी वेगळी होते, आणि ती ठरवणाऱ्या मोठ्या माणसाच्या हाती मोठा अधिकार येतो. तो कसा वापरायचा, याची अनेक उत्तरे पुढच्या शंभर वर्षांत निघाली.

अमेरिकेने शिडी उंच केली

बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका ही संस्था १९१० मध्ये स्थापन झाली. १९१२ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या आर्थर एल्ड्रेडला पहिला ईगल स्काउट किताब मिळाला. पुढे या शिडीला सात पायऱ्या झाल्या: स्काउट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ आणि ईगल. पहिल्या चार पायऱ्यांवर दोराच्या गाठी, प्रथमोपचार, नकाशावाचन, स्वयंपाक, तंबूत राहणे हे पायाभूत शिक्षण होते. फर्स्ट क्लासपर्यंत मुलाने पथकाच्या १० उपक्रमांत भाग घ्यायचा असतो. त्यांतले निदान ६ उघड्यावरचे आणि ३ रात्रीच्या मुक्कामाचे असावे लागतात. त्यापुढे मेरिट बॅज, पथकातली जबाबदारी आणि सेवा यांवर भर येतो. स्टारसाठी ६ मेरिट बॅज आणि ४ महिने, लाइफसाठी एकूण ११ बॅज आणि आणखी ६ महिने, ईगलसाठी एकूण २१ बॅज आणि पुन्हा ६ महिने. १९६५ पासून ईगलसाठी मुलाने स्वतः आखून तडीस नेलेला समाजोपयोगी प्रकल्पही आवश्यक झाला.

या किताबाला अमेरिकी समाजात मोठे वजन आहे. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड ईगल स्काउट होते, चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँगही होते. ईगल स्काउट सैन्यात भरती झाला तर त्याला वरच्या वेतनश्रेणीत प्रवेश मिळू शकतो. महाविद्यालयाच्या अर्जातही हा उल्लेख ठळकपणे केला जातो. २००९ मध्ये संस्थेने वीस लाखाव्या ईगल स्काउटचा गौरव केला. २०१९ पासून मुलींनाही या शिडीवर प्रवेश मिळाला आणि २०२१ मध्ये पहिल्या ईगल मुलींचा सन्मान झाला. तरीही स्काउटिंगमध्ये आलेल्या शंभर मुलांपैकी ईगलपर्यंत पोहोचणारी दीर्घकाळ चारच्या आसपास राहिली. अलीकडे तो आकडा सहाच्या आसपास गेला आहे.

किताबाला बाहेर इतके मोल आले की पथकाच्या आत दाब वाढतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या अनेक घरांतली मुलेही या पथकांत आहेत, आणि प्रवेश अर्जात ईगल दिसावा ही घाई त्या घरांना अनोळखी नाही.

१९७२ चा धडा

१९७२ मध्ये अमेरिकी संस्थेने शहरी मुले डोळ्यांसमोर ठेवून कार्यक्रम बदलला. रानावनातली कौशल्ये मागे पडली आणि पायऱ्यांमध्ये लवचीकपणा आला. ईगलसाठीचे बॅज २१ वरून २४ झाले, पण शिबिराचा बॅज सक्तीचा राहिला नाही. मुक्कामी शिबिरे न करताही वर चढण्याची वाट मोकळी झाली. जुन्या पथकप्रमुखांना हे रुचले नाही. त्या दशकात सदस्यसंख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली. तिला जन्मदर, व्हिएतनाम युद्धानंतरचे वातावरण अशी इतरही कारणे होती, पण बदललेल्या कार्यक्रमालाही त्यातला वाटा दिला जातो.

तेव्हा विल्यम हिलकोर्ट निवृत्तीतून परत आले. मूळचे डेन्मार्कचे हिलकोर्ट 'ग्रीन बार बिल' या नावाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्काउटांना माहीत होते. त्यांनी लिहिलेले नवे हस्तपुस्तक १९७९ मध्ये आले. त्यात जंगल, तंबू आणि मुलांची छोटी तुकडी पुन्हा केंद्रस्थानी आली. बॅजची संख्याही २१ वर आली. या प्रकरणाने अमेरिकेतल्या मोठ्या स्वयंसेवकांच्या मनावर कायमचा ठसा उमटवला. नियम सैल करण्याची कोणतीही सूचना आली की आजही कुणीतरी १९७२ ची आठवण काढतो.

चार वृत्ती

पथके चालवणाऱ्यांच्या भूमिका ढोबळमानाने चार प्रकारच्या दिसतात.

पहिली वृत्ती शिखराची. आपल्या पथकातून जास्तीत जास्त ईगल निघावेत, मुलाने वर्षभरात फर्स्ट क्लास व्हावे, उन्हाळी शिबिरात पाच-सहा बॅज पदरात पडावेत, असा या लोकांचा आग्रह असतो. तक्ते आखलेले असतात, कुणाचे काय राहिले हे त्यांना तोंडपाठ असते. या वृत्तीचा गुण असा की कोणतेही मूल विसरले जात नाही. भिडस्त मुलालाही पुढे ढकलले जाते. दोष असा की आखणी मोठ्यांची होते आणि मूल त्यामागून चालू लागते. एका दिवसात वर्गात बसवून बॅज पदरी घालणाऱ्या मेळाव्यांना गर्दी याच वृत्तीमुळे होते.

दुसरी वृत्ती राखणदाराची. किताबाची किंमत टिकवणे हे आपले कर्तव्य, असे या लोकांना मनापासून वाटते. पुस्तकात लिहिलेल्या अटींवर ते आपल्या दोन अटी चढवतात: इतक्या सभांना हजेरी, गणवेश पूर्ण, पंधराव्या वर्षाआधी ईगल नाही. त्यांची निष्ठा खरी असते. पण त्यांच्या पथकात मुलाला नियमांच्या जोडीने त्या माणसाची मर्जीही सांभाळावी लागते.

तिसरी वृत्ती रानाची. मुलांना बाहेर न्या, ती आपसूक शिकतील, बॅज मागून येतील, असे ही माणसे मानतात. ही वृत्ती बेडन-पॉवेल आणि हिलकोर्ट यांच्या सर्वांत जवळची आहे. मात्र नोंदीकडे दुर्लक्ष झाले तर सगळे काही येत असलेले मूल कागदावर मागे राहते, आणि मित्र पुढे गेल्यावर हिरमुसते.

चौथी वृत्ती अटीबरहुकूम चालणारी. जितके लिहिले आहे तितके, कमी नाही आणि जास्तही नाही. २०११ मध्ये निघालेल्या 'गाइड टू ॲडव्हान्समेंट' या मार्गदर्शिकेत अमेरिकी संस्थेची हीच अधिकृत भूमिका आहे. अटींत भर घालण्याचा किंवा काटछाट करण्याचा अधिकार कोणत्याही पथकाला, समितीला किंवा व्यक्तीला नाही, असे ती बजावते. अपंगत्वामुळे ज्यांना ठरावीक अटी पाळता येत नाहीत, त्यांच्यासाठी रीतसर मान्यता घेऊन पर्यायी अटींची सोयही तिच्यात आहे.

भांडण कुठे पेटते?

चार जागा ठरलेल्या आहेत. पहिली, सही. मार्गदर्शिका प्रगतीचे चार टप्पे सांगते: मूल शिकते, त्याची परीक्षा होते, त्याच्या वाटचालीचा आढावा घेतला जातो, मग सन्मान होतो. एकदा गाठ बांधून दाखवली आणि सही झाली की ती गाठ महिन्याने विसरली तरी सही परत घेता येत नाही. राखणदारांना हे खुपते. पण त्यावरचा उपाय सहीत नाही. जे शिकले ते पुढच्या शिबिरात वापरायला लावणे हा उपाय आहे. ज्या मुलाला दर महिन्याला स्वतःचा तंबू ताणून बांधावा लागतो, तो गाठ विसरत नाही.

दुसरी, आढावा मंडळ. टेंडरफूटपासून पुढच्या प्रत्येक श्रेणीच्या शेवटी तीन ते सहा मोठी माणसे मुलाशी बोलतात. ही फेरपरीक्षा नाही, हे नियमांत स्पष्ट आहे. मुलाला काय आवडले, काय जड गेले, पथक कसे चालले आहे, हे ऐकून घेण्याची ती जागा आहे. तरीही काही मंडळे मुलाला पुन्हा गाठी बांधायला लावतात. ईगलच्या मंडळात निर्णय एकमताने लागतो, त्यामुळे एका हट्टी माणसाचे वजन फार वाढते. त्यासाठी वर दाद मागण्याची सोय ठेवलेली आहे.

तिसरी, 'सक्रिय' असणे. क्रीडासंघ, वाद्यवृंद, नोकरी यांत गुंतलेला सोळा वर्षांचा मुलगा सभांना कमी येतो. त्याला सक्रिय म्हणायचे का? पथकाला अपेक्षा ठेवता येतात, पण त्या वाजवी हव्यात आणि मुलाला आधी सांगितलेल्या हव्यात. जबाबदारीच्या पदाबाबतही हाच न्याय. सहा महिने गप्प राहून शेवटच्या दिवशी 'तू काही केले नाहीस' असे सांगणारा पथकप्रमुख स्वतःच्या कामात चुकलेला असतो. चुकीची वाट दिसली त्या आठवड्यातच मुलाशी बोलणे हे त्याचे काम होते.

चौथी जागा पालक. ईगल प्रकल्पाचा आराखडा आई लिहिते, निधीसाठी फोन वडील करतात, मुलगा फावडे घेऊन हजर राहतो. हे ओळखायला पथकप्रमुखाला वेळ लागत नाही, पण शेजाऱ्याला, मित्राला हे तोंडावर सांगणे अवघड जाते. स्वयंसेवक आणि पालक एकाच वस्तीतले असतात, ही या व्यवस्थेची ताकद आहे आणि तिचा सर्वांत नाजूक भागही हाच.

या ताणातला बराचसा भाग वयाच्या मर्यादेतून येतो. ब्रिटनमध्ये सर्वोच्च किताबासाठी २५ व्या वाढदिवसापर्यंत मुदत आहे. तिथे तो किताब तरुण माणूस स्वतः ठरवून मिळवतो. अमेरिकेत तो शाळकरी वयातच मिळवायचा असल्याने पालकांचा हात त्यात आपोआप शिरतो.

संशोधन काय सांगते?

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग, बक्षिसाने मुलाची ओढ वाढते की घटते, या प्रश्नाला थेट भिडतो. चित्रे काढायची मनापासून आवड असलेल्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगितले, दुसऱ्याला ते न सांगता नंतर दिले, तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत पहिल्या गटातली मुले रंगांकडे कमी वळली. बक्षिसाच्या अपेक्षेने आवडच पातळ झाली होती. अनपेक्षित प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकून होती.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे मांडले की माणसाची आतली ओढ तीन गोष्टींवर पोसली जाते: निवड आपली असणे, आपल्याला जमते आहे असे वाटणे आणि आपल्या माणसांशी जोडलेले असणे. बॅज 'तुला हे जमले' असे सांगत असेल तर ओढ वाढते. 'हे कर म्हणजे ते मिळेल' असे सांगू लागला की ओढ ओसरते. कापडाचा तुकडा तोच असतो. मुलापर्यंत पोहोचणारा अर्थ देणाऱ्याच्या वृत्तीतून ठरतो.

ईगल किताबाच्या परिणामांवर बेलर विद्यापीठाचा २०१२ मधला अभ्यास नेहमी पुढे केला जातो. ईगल झालेले पुरुष, स्काउटिंगमध्ये राहूनही ईगल न झालेले आणि कधीच स्काउट नसलेले, अशी तुलना त्यात होती. ईगल झालेल्यांत सेवाकार्य, ध्येय ठरवून काम करणे, शेजाऱ्यांशी नाते या बाबी अधिक आढळल्या. हा अभ्यास मोलाचा आहे, पण त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. जो मुलगा सात वर्षे चिकाटीने टिकतो आणि ज्याच्या घरून साथ असते, तो मुळातच तसा असण्याची शक्यता आहे. ईगलची संख्या वाढवली म्हणून तसे नागरिक आपोआप वाढतील, हे यातून सिद्ध होत नाही.

महाराष्ट्रातले चित्र

भारतात स्काउटिंग १९०९ मध्ये आले. भारतीय मुलांसाठी ते उभे करण्यात पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी, ॲनी बेझंट यांच्याबरोबर नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचाही वाटा होता. १९५० मध्ये भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकत्रित संस्था झाली. इथली शिडी प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी आहे.

मोठा फरक मोठ्या माणसांत आहे. आपल्याकडे पथक शाळेचे असते आणि स्काउटर किंवा गाइडर म्हणजे बहुधा शाळेतलेच सर किंवा बाई. वर्गाचे तास, परीक्षा, शासकीय माहिती भरणे, निवडणुकीचे काम, या सगळ्यातून उरलेल्या वेळात त्यांना पथक चालवायचे असते. अनेकांनी हे काम आवडीने पत्करलेले असते, काहींच्या वाट्याला ते आलेले असते. ज्यांनी पत्करले, त्यांच्या पथकातली मुले बिनभांड्याचा स्वयंपाक, स्वतः काम करून पैसे मिळवण्याची 'खरी कमाई', शेकोटी, रात्रीचे शिबिर हे आयुष्यभर विसरत नाहीत. ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्या शाळेत लॉगबुक, म्हणजे नोंदवही, सुबक होते आणि मुलाला होकायंत्र धरता येत नाही.

इथेही पुरस्काराला बाहेरचे मोल आहे. दहावीच्या परीक्षेत स्काउट-गाइडना सवलतीचे गुण मिळतात. रेल्वेत स्काउट-गाइड कोट्यातून भरती होते आणि तिथे राष्ट्रपती पुरस्कार कामी येतो. सामान्य घरातल्या मुलासाठी ही संधी खरी आहे, तिला नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल. पण गुणांसाठी पुरस्कार आणि पुरस्कारासाठी लॉगबुक, असा क्रम एकदा बसला की चाचणी शिबिराआधीच्या पंधरवड्यात वर्षभराच्या नोंदी लिहून काढल्या जातात. अमेरिकेत जे पालकांच्या घाईने होते, ते आपल्याकडे शाळेच्या निकालाच्या हौसेने होते.

निर्णय

या सगळ्याचा विचार करता दोन टोके वेगळी दिसली तरी चूक एकच आहे. भराभर बॅज वाटणारा आणि पावलोपावली अडवणारा, दोघेही मुलाची वाटचाल आपल्या हाती घेतात. पहिला मुलाच्या वतीने धावतो, दुसरा मुलाच्या वतीने थांबतो. मुलाला स्वतः चालायला दोघेही देत नाहीत.

पथकप्रमुखाकडे तीन कामे असावीत. संधी भरपूर द्यायच्या, म्हणजे महिन्यातून एकदा तरी पथक उघड्यावर गेले पाहिजे. अट जशी लिहिली आहे तशीच पाळायची: 'करून दाखव' असे लिहिले असेल तर सांगून चालणार नाही आणि 'सांग' असे लिहिले असेल तर निबंध मागायचा नाही. आणि वेग मुलावर सोडायचा. कुणी तेराव्या वर्षी शिखर गाठेल, कुणी सेकंड क्लासवर थांबून सहा वर्षे आनंदाने स्वयंपाक करेल. दोघेही पथकाचे यशच आहेत.

संस्थांनाही आपले काम करावे लागेल. अमेरिकेत एका दिवसाच्या बॅज मेळाव्यांना आळा घालणे आणि आढावा मंडळावरच्या माणसांना नीट प्रशिक्षण देणे निकडीचे आहे. महाराष्ट्रात स्काउटर-गाइडर शिक्षकांना त्या कामासाठी वेळापत्रकात हक्काचा वेळ मिळाला पाहिजे. चाचणी शिबिरात लॉगबुकाच्या पानांपेक्षा मुलाच्या हातांकडे आधी पाहिले गेले पाहिजे.

जे शिक्षक, जे पालक आज पथके चालवत आहेत, त्यांना एकच विनंती. पुढच्या वेळी एखाद्या मुलाच्या वहीवर सही करण्याआधी त्याला विचारा, हे तू का शिकलास आणि आता कुणाला शिकवशील? त्याच्याकडे उत्तर असेल, तर विनासंकोच सही करा. उत्तर नसेल, तर त्याला अडवू नका आणि सोडूही नका. त्याला तुमच्याबरोबर पुढच्या शिबिराला न्या.